मिररलेसवर जुनी लेन्स: लांबचं शार्प का येत नाही आणि ते कसं दुरुस्त करायचं

तक्रार जवळपास ठरलेली असते. जुनी हेलिओस किंवा निक्कॉर लेन्स अडॅप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारी मधली रिंग) लावून मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉडीवर चढवली. दोन-तीन मीटरवरचा चेहरा झकास येतो. पण दौलताबादच्या घाटातून किल्ल्याचा फोटो घेतला की तटबंदी मऊ पडते, तेही फोकस रिंग इन्फिनिटीच्या (सगळ्यात लांबच्या फोकसच्या) खुणेला टेकवलेली असताना. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ/८ इतकं बारीक केलं की जरा बरं दिसतं, एफ/२ इतकं उघडलं की पार विरघळतं. मग लेन्स ‘खराब निघाली’ असं ठरतं आणि ती विकायला निघते.

लेन्स खराब असण्यापेक्षा अडॅप्टरची जाडी चुकलेली असण्याची शक्यता कितीतरी जास्त. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण ती कागदाच्या एखाद-दुसऱ्या पानाइतकीच असते. म्हणून तपासाचा क्रम पक्का ठेवा: आधी हवा, मग कॅमेऱ्याची सेटिंग, मग अडॅप्टर, आणि लेन्स सगळ्यात शेवटी. उलट्या टोकाकडून सुरुवात केली तर धडधाकट लेन्स विनाकारण उघडली जाते. फोकसचा आटा एकदा सुटला आणि परत लावताना चुकीच्या जागी लागला, की मूळ जागा सापडता सापडत नाही.

हवेचा दोष लेन्सच्या माथी मारू नका

मराठवाड्यात मार्चपासून पाऊस लागेपर्यंत सकाळी नऊ-दहानंतर लांबच्या वस्तूवर फोकस तपासणं म्हणजे वेळ वाया घालवणं. नांगरून ठेवलेलं काळं रान आणि डांबरी रस्ता तापला की त्यावरून गरम हवेचे लोट वर चढतात. त्यातून येणारी कोणतीही आकृती हलत राहते, लेन्स कितीही चांगली असो. १३५ किंवा २०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स लावली की हे अजूनच मोठं दिसतं.

हवेची थरथर आणि चुकलेला फोकस वेगळा ओळखता येतो. कॅमेरा तिपाईवर, फोकस रिंगला हात न लावता लागोपाठ दहा फोटो काढा आणि पूर्ण मोठे करून शेजारी शेजारी बघा. फोकस चुकला असेल तर दहाही फोटो सारखेच मऊ असतात, कडा सरळच असते, फक्त जाड आणि पसरट. हवेचा दोष असेल तर कारखान्याच्या चिमणीची कड नागमोडी दिसते, प्रत्येक फोटोत नागमोड वेगळी असते आणि दहातला एखादा फोटो बाकीच्यांपेक्षा स्पष्ट निघतो. स्क्रीनवर मोठं करून पाहताना चित्र वाहत्या पाण्याखाली असल्यासारखं डुलत असेल, तर कॅमेरा बॅगेत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे या.

तपासायची चांगली वेळ उजाडल्यापासून साधारण आठपर्यंत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडला की हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, तेव्हा दिवसभर तपासता येतं. रात्रीचा तारा किंवा मोबाईल टॉवरवरचा लाल दिवा सगळ्यात उत्तम, कारण ठिपक्याला लपायला जागा नसते. फोकस बसला की तो टाचणीच्या टोकाएवढा होतो, हुकला की लगेच चकती होते.

लक्ष्य किती लांब हवं, हे लेन्सवर ठरतं. २८ मिमीला शंभर मीटर पुरतात. ५० मिमीला किमान तीनशे मीटर घ्या. १३५ मिमीला दोन किलोमीटर आणि २०० मिमीला चार किलोमीटर, म्हणजे तिथे चंद्र किंवा तारा बघणंच सोपं. संभाजीनगरात गोगाबाबा टेकडीवरून मकबऱ्याचे मिनार, परळीकडे थर्मलची चिमणी, बाकी ठिकाणी जवळच्या साखर कारखान्याची चिमणी: स्पष्ट उभ्या कडेची कोणतीही वस्तू चालते. झाडं नकोत, पानं हलतात.

कॅमेऱ्याकडून होणाऱ्या गफलती

साध्या अडॅप्टरमध्ये वीज वाहून नेणारे पॉइंट नसतात. त्यामुळे कॅमेऱ्याला लेन्स लावली आहे हेच कळत नाही. शटर दाबूनही फोटो निघत नसेल तर सोनीत ‘रिलीज विदाउट लेन्स’, फुजीत ‘शूट विदाउट लेन्स’, कॅननच्या आर मालिकेत ‘रिलीज शटर विदाउट लेन्स’ हा पर्याय चालू करा. दुरुस्ती एवढीच. अ‍ॅपर्चरचा आकडा फोटोच्या माहितीत येणार नाही, त्याने काही बिघडत नाही.

बॉडीत स्टॅबिलायझर (हाताची थरथर भरून काढायला सेन्सर हलवणारी सोय) असेल तर मात्र नीट लक्ष द्या, कारण इथली चूक हुबेहूब फोकस हुकल्यासारखी दिसते. कॅमेऱ्याला लेन्सची फोकल लेंग्थ (तिच्यावरचा मिमीचा आकडा) हाताने सांगावी लागते. आधी १३५ मिमी लावली होती आणि आकडा तसाच राहिला, आता २८ मिमी लावली, तर सेन्सर गरजेपेक्षा कितीतरी जास्त हलतो आणि स्वतःच फोटो हलवून टाकतो. लेन्सवर छापलेला आकडाच भरा. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर आहे म्हणून दीडपटीने गुणू नका. तिपाईवर तपासताना स्टॅबिलायझर बंदच ठेवा.

फोकस पीकिंगवर भरवसा किती ठेवायचा? रस्त्यावरच्या झटपट फोटोपुरता. पीकिंग फोकस मोजत नाही, ते फक्त कडांमधला उजेड-अंधाराचा फरक रंगवतं. मकबऱ्याच्या पांढऱ्या नक्षीवर दुपारचं ऊन असताना अर्धी भिंत रंगून निघते, फोकस हातभर पुढे-मागे असला तरी. तपासणीसाठी पीकिंग बंद करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, चित्र स्क्रीनवर जास्तीत जास्त मोठं करा आणि रिंग हळूहळू नेमक्या जागेच्या पुढे नेऊन मागे आणा. मग हवं ते अ‍ॅपर्चर लावा.

एक अपवाद आहे. एफ/१.४ किंवा एफ/१.२ च्या काही जुन्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बंद करताना फोकसची जागाच सरकते. उघड्या अ‍ॅपर्चरवर नेमका बसवलेला फोकस एफ/२.८ वर थोडा मागे जातो. अशा लेन्सवर ज्या अ‍ॅपर्चरला फोटो घ्यायचा त्यालाच फोकस करा.

आता अडॅप्टर

प्रत्येक लेन्स माउंटच्या (ती जिथे टेकते त्या) पत्र्यापासून सेन्सरपर्यंत ठरावीक अंतर गृहीत धरून बनवलेली असते. याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. निकॉन एफचं ४६.५ मिमी, ऑलिम्पस ओएमचं ४६, कॉन्टॅक्स-याशिकाचं ४५.५, एम४२ आणि पेंटॅक्स केचं ४५.४६, मिनोल्टा एमडीचं ४३.५, कॅनन एफडीचं ४२. मिररलेसमध्ये आरसा नसल्याने हे अंतर खूप कमी असतं: कॅनन आरएफ आणि एल माउंट २०, सोनी ई १८, फुजी एक्स १७.७, निकॉन झेड १६.

अडॅप्टरचं काम या दोन आकड्यांतला फरक भरून काढणं. म्हणजे एम४२ ते सोनी ई अडॅप्टर बरोबर २७.४६ मिमी जाड हवा, निकॉन एफ ते सोनी ई २८.५, एफडी ते फुजी एक्स २४.३, निकॉन एफ ते झेड ३०.५. तुमच्या जोडीची वजाबाकी करून आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

या आकड्यात ०.१ मिमीची चूक झाली तर काय होतं? हिशेब सोपा आहे: फोकल लेंग्थचा वर्ग करा आणि चुकीने भागा. अडॅप्टर ०.१ मिमी जास्त जाड आहे आणि लेन्स ५० मिमीची आहे, तर २५०० भागिले ०.१ म्हणजे २५,००० मिमी, अर्थात २५ मीटर. रिंग टोकाला टेकली तरी फोकस पंचवीस मीटरच्या पलीकडे जाणारच नाही. त्याच अडॅप्टरवर २८ मिमीची लेन्स पावणेआठ मीटरवर अडकेल, तर १३५ मिमीची १८० मीटरपर्यंत पोचेल. एकच अडॅप्टर एका लेन्सला ‘बरोबर’ आणि दुसरीला ‘खराब’ वाटतो तो यामुळेच. वाइड लेन्स अडॅप्टरचं पितळ उघडं पाडते.

एफ/८ वर बरं का दिसतं, तेही यातून कळतं. ०.१ मिमीची चूक एफ/२ वर प्रत्येक बिंदूची ०.०५ मिमीची चकती करते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ०.००६ मिमीचा, म्हणजे बिंदू आठ पिक्सेल पसरला. एफ/८ वर तीच चकती ०.०१२५ मिमी, दोनच पिक्सेल. चूक गेलेली नसते, झाकली जाते.

आता अडॅप्टर जाड आहे की पातळ, हे व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) हातात घेण्याआधीच कळू शकतं. लेन्स पूर्ण उघडी, लांबचं लक्ष्य स्क्रीनवर मोठं केलेलं, रिंग इन्फिनिटीच्या टोकाला. आता रिंग अगदी सावकाश जवळच्या बाजूला फिरवा. चित्र आधी स्पष्ट होत गेलं आणि मग पुन्हा मऊ झालं, तर अडॅप्टर पातळ आहे: खरी इन्फिनिटी खुणेच्या अलीकडे आली आहे. टोकापासून हलवताक्षणी चित्र आणखीच मऊ होत गेलं आणि टोकावरही पूर्ण स्पष्ट नव्हतं, तर अडॅप्टर जाड आहे. टोकावर शार्प आणि हलवताच मऊ, तर अडॅप्टर बरोबर आहे, दोष दुसरीकडे शोधा.

स्वस्त अडॅप्टर बहुतेक मुद्दाम पातळ ठेवलेले असतात, म्हणजे ‘इन्फिनिटी येत नाही’ अशी तक्रार कुणी करणार नाही. हे काही अंशी योग्यही आहे. अ‍ॅल्युमिनियम तापलं की वाढतं: २८ मिमीचा तुकडा तीस अंशांनी तापला तर सुमारे ०.०२ मिमी लांबतो. जानेवारीच्या पहाटे बारा अंशांत अगदी काट्यावर बसवलेला अडॅप्टर मे महिन्याच्या दुपारी बेचाळीस अंशांत टोकाला कमी पडू शकतो. म्हणून ०.०२ ते ०.०३ मिमी पातळ असलेला अडॅप्टर चांगला समजा, त्याला हात लावू नका. अडचण होते ती ०.१, ०.२, ०.३ मिमी पातळ असला की. लेन्सवरच्या अंतराच्या खुणांना अर्थ उरत नाही, आणि रात्री किंवा घाईत ‘रिंग टोकाला नेली की लांबचं शार्प’ ही जुन्या लेन्सची मोठी सोय जाते. निक्कॉर २४ मिमी एफ/२.८ किंवा २८ मिमी एफ/२.८ एआय-एससारख्या लेन्समध्ये फोकससोबत आतल्या काचांमधलं अंतरही बदलतं. त्यात चुकीच्या जागी इन्फिनिटी आली तर फोटोचे कोपरे खराब होतात. ५० मिमी आणि पुढच्या साध्या लेन्सना एवढा फरक पडत नाही. तिथे चूक थोडी असेल तर आहे तसं वापरणं हाच शहाणपणा.

मोजणं

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा प्लॅस्टिकचा व्हर्नियर ०.१ मिमीपर्यंतच वाचतो, तो इथे उपयोगाचा नाही. ०.०२ मिमीचा स्टीलचा व्हर्नियर हवा, त्याहून उत्तम म्हणजे २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर. एसएलआर (आरशाच्या कॅमेऱ्यांच्या) लेन्सचे बहुतेक अडॅप्टर या मापात बसतात. वाळूज, चिकलठाणा किंवा लातूरच्या एमआयडीसीतल्या कोणत्याही लेथवाल्याकडे तो असतो, आयटीआयच्या वर्कशॉपमध्येही असतो. पाच मिनिटांचं काम आहे.

मोजताना नेहमी एकच चूक होते: कॅमेऱ्याच्या बाजूच्या बायोनेटच्या (फिरवून अडकवायच्या जोडाच्या) जिभा मापात येतात. त्या पत्र्याच्या खाली कॅमेऱ्यात शिरतात, त्या मोजायच्या नाहीत. मोजायचं ते कॅमेऱ्याच्या माउंटवर टेकणाऱ्या सपाट कडेपासून लेन्स जिथे टेकते त्या सपाट कडेपर्यंत. जबडे बाहेरच्या कडेवर धरले की जिभा मधे येत नाहीत. घड्याळाच्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी चार मापं घ्या. चारही ०.०२ मिमीच्या आत असावीत. एका बाजूला ०.०५ जास्त असेल तर अडॅप्टर तिरका आहे. तो पातळ की जाड हा प्रश्न त्यानंतरचा.

मापाचं साधन मिळत नसेल तर लेन्सच तराजू म्हणून वापरा. खरी इन्फिनिटी लेन्सच्या कोणत्या आकड्यावर येते ते बघा आणि हिशेब उलटा करा. ५० मिमीवर दहा मीटरच्या खुणेला लांबचं शार्प येतंय, तर २५०० भागिले १०,००० म्हणजे ०.२५ मिमी कमी. पाच मीटरला येत असेल तर ०.५ मिमी. ही खूण लेन्सची स्वतःची इन्फिनिटी बरोबर आहे असं धरून असते, म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्या लेन्सवरही पडताळा घ्या. दोन्हींचा निकाल जुळला तर दोष अडॅप्टरचा, एकीचाच वेगळा आला तर त्या लेन्सचा.

पातळ अडॅप्टरला शिम टाकणं

बहुतेक अडॅप्टरमध्ये कॅमेऱ्याच्या बाजूचा बायोनेटचा पत्रा तीन ते सहा बारीक स्क्रूंनी मूळ नळीवर बसवलेला असतो. शिम, म्हणजे कमी पडलेली जाडी भरणारा पातळ तुकडा, त्या दोघांच्या मधे जाते. अडॅप्टर एकाच तुकड्यातून कापलेला असेल तर ही युक्ती चालत नाही.

शिमचा कच्चा माल घरात आहे. कोल्ड्रिंकच्या कॅनचा बाजूचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो. झेरॉक्सचा कागदही तेवढाच, पण कागद दाबला जातो आणि पावसाळ्यात ओल धरतो, म्हणून चाचणीपुरताच. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडची पिवळसर पारदर्शक उष्णतारोधक टेप साधारण ०.०५ ते ०.०६ मिमी भरते, बारीक सुधारणेला ती फार उपयोगी. गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला वापरतात त्या फिलर गेजच्या पात्यांवर जाडी छापलेली असते. पाती कापायची नसतात, पण तुकडा किती जाडीचा आहे हे बोटाने पडताळायला ती चांगली. काहीही वापरा, आधी मोजा. कॅनवरच्या रंगाच्या थरानेही आकडा बदलतो.

स्टीलच्या ताटात पांढरा रुमाल अंथरा, त्यावर काम करा. हे स्क्रू जिऱ्याएवढे असतात आणि फरशीवर पडले की सापडत नाहीत. घड्याळजीचा पेचकस घ्या, टोक स्क्रूच्या खाचेत घट्ट बसतंय ना बघा. जपानी लेन्सच्या स्क्रूंची चौफुली खाच नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकापेक्षा थोडी वेगळी असते आणि टोक घसरलं की खाच गुळगुळीत होते. पत्रा काढण्याआधी पत्रा आणि नळी दोन्हींवर मार्करने एक सरळ रेघ मारा, म्हणजे तो फिरून बसणार नाही.

समजा ०.२५ मिमी कमी आहे. ०.०३ मिमी पातळ सोडायचा, म्हणजे ०.२२ भरायचं. कॅनचे दोन थर म्हणजे ०.२, तेवढं पुरे. कॅनमधून पाच मिमी लांब आणि तीन मिमी रुंद असे सहा तुकडे कापा, प्रत्येक जागी दोन. कात्रीने कापल्यावर कडेला धार उभी राहते, तीच ०.०५ मिमीची असू शकते. काचेवर हजार नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर तुकड्याच्या दोन्ही बाजू हलक्या हाताने घासा आणि नखाने कड चाचपून बघा, नख अडकता कामा नये. तीन जागा सारख्या अंतरावर, शक्यतो स्क्रूच्या अगदी शेजारी. दोनच जागी टाकले तर पत्रा तिरका बसतो आणि नवीनच दुखणं सुरू होतं.

स्क्रू गाडीच्या चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. पुन्हा चार जागी मोजा. पुन्हा तारा किंवा चिमणी. समाधान झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक थेंब द्या, म्हणजे स्क्रू आपोआप ढिला होत नाही, आणि पुढे कधी उघडायचं झालं तर ते सहज निघतं. फेव्हिक्विक अजिबात नको.

जाड अडॅप्टर

हे दुखणं कमी आढळतं पण अवघड असतं, कारण इथे धातू काढावा लागतो. आधी तो खरंच जाड आहे का ते बघा. पत्र्याचे स्क्रू ढिले असतील, पत्र्याखाली रंगाचा गोळा किंवा कापताना राहिलेली धातूची धार (बर) असेल, एवढ्यानेही ०.१ मिमी होतो.

आट्याच्या लेन्समध्ये घोळ असतोच. एम४२ चा आटा ४२ मिमी व्यासाचा आणि १ मिमी पिचचा (दोन वेढ्यांमधलं अंतर). टी२ या दुसऱ्या आट्याचा व्यास तोच, पण पिच ०.७५. दिसायला सारखे, म्हणून टी२ ची लेन्स एम४२ अडॅप्टरमध्ये एक-दोन वेढे जाते आणि अडकते. तिथे जोर लावला की आटा खराब होतो आणि लेन्स खाली टेकतच नाही. जुन्या झेनिटच्या ३९ मिमी आट्याच्या लेन्सना एम३९ ते एम४२ रिंग लावतात. तिला बाहेर कड असेल तर त्या कडेची जाडी पुरी वाढते आणि इन्फिनिटी जाते. बिनकडेची, पूर्ण आत बसणारी रिंग वापरा. आणि ३९ मिमीचे दोन वेगळे प्रकार आहेत हेही ध्यानात ठेवा: लायकाचा २८.८ मिमी अंतराचा आणि झेनिट एसएलआरचा ४५.२ मिमीचा. लायकाची ५० मिमी लेन्स झेनिटच्या अडॅप्टरवर लावली तर वीतभर अंतरावरचंच शार्प येतं. झेनिटची लेन्स लायकाच्या अडॅप्टरवर लावली तर लांबचं-जवळचं काहीच शार्प येत नाही. असं काही दिसलं तर शिमचा विचार सोडा, अडॅप्टरच चुकीचा आहे.

दोन अडॅप्टर एकावर एक चढवले असतील (एम४२ ते कॅनन ईएफ, आणि त्यापुढे ईएफ ते सोनी) तर दोन्हींच्या चुका एकत्र होतात. एम४२ ते ईएफची रिंग फक्त १.४६ मिमीची असते, तिच्यात थोडा फरकही मोठा ठरतो. तपासताना एकेरी अडॅप्टर वापरा.

हे सगळं वगळल्यावरही जाडच निघाला तर माझं मत: परत करा. घासायचाच असेल तर लेथवाल्याकडून घासून घ्या. हाताने पॉलिश पेपरवर घासताना एक बाजू जास्त जाते, आणि तिरका अडॅप्टर जाड अडॅप्टरपेक्षा वाईट. तिसरा मार्ग लेन्सच्या रिंगचा. हेलिओस ४४-२ सारख्या लेन्समध्ये फोकस रिंग बाजूच्या तीन बिनडोक्याच्या बारीक स्क्रूंनी धरलेली असते. ते ढिले करून, लेन्स खऱ्या इन्फिनिटीवर धरून, रिंगची खूण त्या जागी फिरवून आवळता येते. हे करा, पण त्या अडॅप्टरची आणि लेन्सची जोडी मग कायमची ठेवा.

एकच बाजू मऊ, लेन्स डुगडुगते

फोटोची डावी बाजू शार्प आणि उजवी मऊ असेल तर त्याच अडॅप्टरवर दुसरी लेन्स लावा. तीच बाजू मऊ राहिली तर अडॅप्टर तिरका. मऊ बाजू बदलली किंवा गेली तर पहिल्या लेन्सची आतली काच सरकलेली आहे.

लेन्स माउंटमध्ये किंचित गोल फिरत असेल तर फोकसला धक्का नाही. वर-खाली डुगडुगत असेल तर आहे. अडॅप्टरच्या बायोनेटच्या जिभांना मधे चीर असते. त्या चिरेत पातळ पेचकसाचं टोक घालून जीभ केसभर रुंदावली की पकड घट्ट होते. हे अडॅप्टरच्याच जिभांना करायचं, कॅमेऱ्याच्या माउंटला कधीच नाही. जड टेलिफोटो असेल तर तिपाईवर लेन्स बसवा, बॉडी नको.

अ‍ॅपर्चर बंद होत नाही, रिंग टोकाआधीच अडते

एम४२ च्या ऑटो लेन्सच्या मागे एक पिन असते, ती दाबलेली राहिली तरच अ‍ॅपर्चर बंद होतं. अडॅप्टरच्या आत त्यासाठी एक कड असते. ती कमी पडली तर एफ/५.६ लावूनही पाती अर्धीच मिटतात. लेन्सवर ‘ए-एम’ खटका असेल तर ‘एम’वर ठेवा, प्रश्न मिटतो. उलट ती कड जास्त उंच असेल तर रिंग इन्फिनिटीकडे नेताना जड होते किंवा अडते आणि ‘इन्फिनिटी येत नाही’ अशी खोटी तक्रार उभी राहते. कडेला मार्करने रंगवा, रिंग एकदा फिरवा, रंग जिथे खरवडला तिथे लेन्स घासते.

कॅनन एफडी लेन्स बॉडीबाहेर आपोआप बंद होत नाही. अडॅप्टरवरची ‘लॉक-ओपन’ रिंग ‘ओपन’वर राहिली तर अ‍ॅपर्चर सदा उघडंच राहतं. ती ‘लॉक’वर ठेवा, आणि लेन्सची रिंग हिरव्या ‘ए’ किंवा गोलाच्या खुणेवर नको. निकॉन, पेंटॅक्स के आणि मिनोल्टाच्या लेन्सना हा त्रास नाही.

उन्हाळ्यात गाडीत राहिलेल्या लेन्सचं जुनं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतं. पात्यांवर तेलकट चमक दिसली आणि त्या सावकाश मिटत असतील तर पेट्रोल-थिनर ओतू नका, लेन्स साफ करणाऱ्याकडे द्या.

उन्हात फोटो पांढुरका

फोकस बरोबर, तरी चित्रावर दूध सांडल्यासारखं. अडॅप्टर काढून आतून खिडकीकडे बघा. आतली भिंत चकाकत असेल तर तेच कारण. फळ्याच्या काळ्या मॅट रंगाचा पातळ हात द्या, पूर्ण एक दिवस वाळू द्या. मखमली कागद वापरला तर त्याचे तंतू सेन्सरवर पडतात, त्याच्या कडा नीट चिकटवा.

नवा अडॅप्टर आला की आधी भांड्याच्या साबणाच्या पाण्यात ब्रशने धुवा, आटे विशेष, आणि पूर्ण वाळवा. आट्यात कापताना राहिलेली धातूची पूड आणि तेल असतं, ती पूड सेन्सरवर पडली की ओरखडा. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली आणि पाठ वाऱ्याकडे. आपल्याकडच्या फुफाट्यात हे विसरून चालत नाही.

जायकवाडीच्या नाथसागरावर पक्ष्यांसाठी ५०० मिमीची मिरर लेन्स वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: तिची रिंग इन्फिनिटीच्या पुढे जाते, हे मुद्दाम केलेलं असतं, तापमानाने नळी वाढते म्हणून. तिला शिम टाकू नका. पक्षी कितीही लांब असो, फोकस दर वेळी मोठं करून डोळ्यांनीच बसवा, आणि सकाळचं ऊन चढल्यावर तासाभराने पुन्हा बसवा.